पोलादालाही शीण येतो!

लोखंडाची एक जाडशी तार घ्या आणि ती दोन्ही हातांनी ओढून तोडून पाहा. भल्या पहिलवानालाही ती दाद देणार नाही. पण तीच तार एकाच जागी इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी वाकवीत राहा. दहा-वीस वेळा वाकवली की ती जागा बोटाला गरम लागते आणि मग फारसा जोर न लावताच तारेचे दोन तुकडे हाती येतात. शाळकरी पोरालाही ठाऊक असलेली ही युक्ती! छत्रीची काडी आणि बादलीची कडी याच रीतीने एके दिवशी दगा देतात. घरातली माणसे नवल करतात, “काल तर चांगली होती!”

काल ती चांगली दिसत होती, एवढेच. आत तिचा शेवट केव्हाच सुरू झालेला होता.

या प्रकाराला इंजिनिअर लोक ‘मेटल फटीग’ म्हणतात. आपण त्याला धातूचा शीण म्हणू. माणूस जसा एका मोठ्या संकटाने खचत नाही, पण रोजच्या किरकिरीने झिजून जातो, तसेच पोलादाचे आहे. एकदाच आलेला मोठा भार ते सहन करते. परंतु त्याच्या निम्म्याहूनही कमी भार पुन्हा पुन्हा, लाखो वेळा आला तर मोडून पडते. युरोपच्या समुद्रात आज वाऱ्यावर वीज निर्माण करणाऱ्या प्रचंड पवनचक्क्या उभ्या आहेत. त्या किती वर्षे उभ्या राहतील, हा प्रश्न वादळाचा कमी आणि या शिणाचा अधिक आहे. ही गोष्ट माणसाला कशी उमगली आणि त्यासाठी त्याने काय किंमत मोजली, ती हकिकत ऐकण्यासारखी आहे.

आगगाडीचा मोडलेला आस

१८४२ सालच्या मे महिन्याची ८ तारीख. व्हर्साय येथे फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच्या नावाने उत्सव झाला होता आणि तो पाहून पॅरिसची मंडळी आगगाडीने घरी परतत होती. वाटेत पुढच्या इंजिनाच्या चाकांचा आस अकस्मात मोडला. मागचे इंजिन आणि डबे त्यावर आदळले व आगीचा भडका उडाला. त्या काळी तिथे उतारूंना डब्यात बसवून दारांना बाहेरून कुलपे घालण्याची पद्धत होती! पन्नासहून अधिक माणसे प्राणाला मुकली. दक्षिण ध्रुवाकडच्या सफरींनी गाजलेला दर्यावर्दी द्युमाँ द्युर्व्हिल हाही पत्नी आणि मुलासह त्यांत होता.

आस का मोडला? त्यावर काही जादा ओझे नव्हते. तज्ज्ञ म्हणू लागले की धावून धावून लोखंडाचा पोतच बदलतो आणि ते ठिसूळ बनते. विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश इंजिनिअरने मोडलेले आस तपासले आणि १८४३ साली दाखवून दिले की लोखंडाचा पोत होता तसाच असतो. जिथे आसाची जाडी एकदम बदलते, त्या कोपऱ्यात प्रथम एक बारीक चीर पडते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक ती आत सरकते आणि उरलेला भाग पुरेसा राहिला नाही म्हणजे आस मोडतो.

पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे इंजिनिअरने या शिणाचे गणित मांडले. आगगाडीचे आस वाकत्या भाराखाली फिरवीत ठेवणारी यंत्रे त्याने तयार केली आणि किती भाराला किती फेऱ्यांनंतर आस मोडतो, त्याच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. १८७० सालापर्यंत चाललेल्या या खटाटोपातून दोन गोष्टी निघाल्या. भार जितका कमी, तितके आयुष्य जास्त. आणि एका मर्यादेच्या खाली भार ठेवला तर पोलाद जणू कधीच थकत नाही. ही दुसरी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. समुद्रापाशी आल्यावर तिचे काय होते, ते पुढे सांगायचे आहे.

चार वर्षे लपलेली चीर

व्होलरचे धडे सगळ्यांनी वाचले. पण वाचणे निराळे आणि अंगी बाणणे निराळे. १९५२ साली ब्रिटनने ‘कॉमेट’ हे जगातले पहिले जेट प्रवासी विमान नियमित सेवेत आणले. ही विमाने आपल्या कलकत्त्यावरूनही जात-येत असत. १९५४ च्या १० जानेवारीला त्यांतले एक एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले. ८ एप्रिलला दुसरे नेपल्सजवळ. दोन्ही मिळून ५६ माणसे गेली. मग फार्नबरो येथे एक आख्खे कॉमेट पाण्याच्या प्रचंड हौदात ठेवले आणि विमान वर चढताना व खाली उतरताना त्याच्या कायेवर जो दाब येतो व जातो, तो पाण्याने पुन्हा पुन्हा देऊन पाहिला. प्रत्यक्ष उड्डाणे आणि हौदातली धरून ३,०५७ व्या खेपेला विमानाची काया खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटली. प्रत्येक उड्डाण म्हणजे तार एकदा वाकवणे होते!

परंतु आपल्या पवनचक्कीशी सर्वांत जवळचे नाते सांगणारी दुर्घटना समुद्रातलीच आहे. नॉर्वेच्या बाजूला उत्तर समुद्रात एकोफिस्क नावाचे तेलक्षेत्र आहे. तिथल्या कामगारांना राहण्यासाठी ‘अलेक्झांडर कीलँड’ नावाचा तरंगता तळ पाच जाड खांबांवर उभा होता. २७ मार्च १९८० ची संध्याकाळ. वारा जोराचा होता, लाटा उंच होत्या; पण उत्तर समुद्राला त्यात नवे काही नव्हते. एकाएकी खांबांना सांधणारी एक आडवी नळी तुटली, तिच्यामागोमाग शेजारच्या तुटल्या आणि पाचांपैकी एक खांबच तळापासून सुटून गेला. तळ कलला आणि अर्ध्या तासाच्या आत उलटला. २१२ माणसांपैकी १२३ बुडाली.

चौकशीत काय निघाले? त्या नळीवर पाण्यातले आवाज टिपणारे एक लहान उपकरण बसवण्यासाठी एक पट्टी वेल्डिंगने जोडली होती. पट्टीवर कसलाच भार नव्हता, म्हणून तो जोड कोणी महत्त्वाचा मानला नाही. तो होता अवघा सहा मिलिमीटरचा. चीर तिथून निघाली होती आणि तुटलेल्या भागावर रंगाचे अंश सापडले. याचा अर्थ उघड होता. तळ बांधून रंगवला तेव्हाच ती चीर तिथे हजर होती! पुढची चार वर्षे एकेक लाट तिला रेसभर पुढे ढकलीत राहिली.

शिणाने मोडलेल्या धातूचा तुकडा पाहिला तर त्यावर बारीक कमानदार रेघा दिसतात, ओहोटीच्या वेळी किनाऱ्याच्या वाळूवर उमटतात तशा. चीर कुठून निघाली आणि कुठवर गेली, याचा तो रोजनामाच असतो. दुर्दैव एवढेच, की तो वाचायला मिळतो मोडल्यानंतर.

राजाबाई टॉवरहून लांब पाते

आता पवनचक्कीकडे येऊ. समुद्रातला पहिला पवनचक्क्यांचा मळा डेन्मार्कने १९९१ साली व्हिंडेबी येथे उभारला. त्यात ४५० किलोवॅटची ११ यंत्रे होती. पंचवीस वर्षे सेवा करून २०१७ साली ती उतरवण्यात आली. तोवर या यंत्रांचा वंश केवढा वाढला, पाहा. इंग्लंडच्या पूर्वेला डॉगर बँक येथे २०२३ साली जी यंत्रे वीज देऊ लागली, त्यांतले एकेक १३,००० किलोवॅटचे आहे आणि त्याचे एकेक पाते १०७ मीटर लांब आहे. मुंबईच्या राजाबाई टॉवरची उंची सुमारे ८५ मीटर. म्हणजे तो टॉवर आडवा करून या पात्याशेजारी ठेवला तर वीसेक मीटर कमीच पडेल!

असले पाते फिरताना डावीकडे आडवे आले की स्वतःच्या वजनाने एका कडेकडे वाकते आणि अर्ध्या फेऱ्यानंतर उजवीकडे आले की दुसऱ्या कडेकडे. तारेची गोष्ट आठवली ना? मिनिटाला सात फेरे धरा. दिवसाचे दहा हजार झाले, वर्षाचे सुमारे ३७ लाख. वारा पडला किंवा दुरुस्तीसाठी यंत्र बंद ठेवले म्हणून चौथा हिस्सा वजा केला, तरी पंचवीस वर्षांत जवळजवळ सात कोटी वेळा ते पाते वाकणार. पाती पोलादाची नसतात, काचतंतू आणि राळ यांची असतात. पण शीण त्यांनाही चुकलेला नाही.

वर पात्यांची ही कथा, तर खाली पायाची दुसरी. समुद्राच्या तळात ठोकलेली पोलादाची एकच प्रचंड नळी हा बहुतेक यंत्रांचा पाया असतो. तिला दर आठ सेकंदांनी एक लाट धडकते असे मानले, तरी पंचवीस वर्षांत दहा कोटींच्या आसपास धडका होतात. आणि ही नळी सलग ओतलेली नसते. जाड पत्रे वाकवून कडी करतात आणि एकावर एक वेल्डिंगने जोडतात. चीर पडायची ती बहुधा या जोडाच्या कडेला.

“मग अधिक मजबूत पोलाद का वापरीत नाहीत?” असे कोणीही विचारील. इथेच निसर्ग आपली फिरकी घेतो. वेल्डिंगच्या जोडाची शीण सोसण्याची ताकद पोलादाच्या मजबुतीवर फारशी अवलंबून नसते. महागडे पोलाद आणले तरी जोड थकायचा तेव्हाच थकतो. उपयोग होतो तो जोडाची कड घासून गुळगुळीत करण्याचा आणि ताण कमी करण्याचा. ताण निम्मा केला तर जोडाचे आयुष्य साधारण आठपट होते. उलट, हिशेबात ताण थोडा कमी धरला गेला तर आयुष्याचा हिशेब भलताच चुकतो.

शिवाय व्होलरची ती मर्यादा, जिच्या खाली पोलाद थकत नाही, ती खाऱ्या पाण्यात उघड्या पडलेल्या पोलादाला लागूच पडत नाही. मीठ आणि गंज चिरेला सतत साथ देत राहतात. म्हणून पायाला रंगाचा जाड लेप देतात आणि पाण्याखाली ॲल्युमिनियमचे ठोकळे जोडतात. पोलादाऐवजी ते स्वतः झिजतात. घरातला वडीलधारा माणूस जसा झळ आपल्यावर घेतो, तसे हे ठोकळे वर्षानुवर्षे पोलादाचा गंज आपल्यावर घेत असतात.

झोक्याचे गणित

मुलाला झोका देताना आपण काय करतो? झोका मागे येऊन परतायला लागला की नेमक्या त्या क्षणी हलकेच ढकलतो. जोर थोडा, पण वेळ साधलेली. म्हणून झोका उंच जातो. प्रत्येक उंच मनोऱ्यालाही डुलण्याची स्वतःची अशी लय असते. पात्यांचे फेरे, मनोऱ्यासमोरून एकेक पाते जाताना बसणारा हिसका आणि लाटांचे ठोके या साऱ्यांच्या लयी त्या लयीशी जुळू न देणे, ही यंत्र आखणाऱ्याची कसोटी असते. मोठ्या यंत्रांच्या मनोऱ्याची एक डुलकी साधारण चार-पाच सेकंदांची असते. वादळातल्या मोठ्या लाटा याहून सावकाश येतात. मनोऱ्याच्या लयीच्या जवळ येतात त्या लहान, रोजच्या लाटा! वादळ वर्षातून काही दिवस, या लाटा मात्र बारमाही.

आणखी एक गंमत. पाती फिरत असतात तेव्हा वारा मनोऱ्याचे डुलणे आवरून धरतो. पाती थांबली की हा आवर सुटतो आणि लाटांनी मनोरा अधिक डुलू लागतो. म्हणजे यंत्र विसावा घेते, तेव्हा त्याचे पाय अधिक थकतात! नादुरुस्त यंत्र लवकर चालू करण्याची घाई केवळ विजेच्या पैशांसाठी नसते, ती अशी.

शिणाचे पासबुक

मग यंत्राचे आयुष्य ठरवतात कसे? त्याची रीत आपल्या बँकेच्या पासबुकासारखी आहे. स्वीडनच्या पामग्रेनने १९२४ साली आणि अमेरिकेच्या माइनरने १९४५ साली ती मांडली. पोलादाच्या खात्यात जन्मतः एक पुंजी जमा असते. प्रत्येक लहान लाट त्यातून पैसा काढते, मोठी लाट रुपया काढते, वादळ नोट काढते. भर कधीच पडत नाही. या खात्यावर व्याज नाही. आपल्या हाडाला बारीक चीर गेली तर शरीर ती भरून काढते. पोलादाला ती देणगी नाही. काढलेल्या रकमांची बेरीज पुंजीइतकी झाली की खाते बंद!

हा हिशेब ढोबळ आहे. आधी वादळ आणि मग शांत समुद्र, किंवा याच्या उलट, असा क्रम बदलला तर प्रत्यक्षात फरक पडतो. पासबुकात तो दिसत नाही. म्हणून हिशेबाला हात राखून ठेवतात. जिथे नंतर तपासणी करता येणार नाही, तिथे हिशेबी आयुष्य गरजेच्या तिपटीपर्यंत धरण्याची रीत आहे. कुठे मळ्यातल्या काही मोजक्या यंत्रांवर ताण मोजणारी उपकरणे चिकटवतात आणि शितावरून भाताची परीक्षा करतात. पण भाताची सगळी शिते एका पातेल्यात, एका आचेवर शिजतात. समुद्रात एका यंत्राखाली वाळू, तर दुसऱ्याखाली चिकणमाती. कुठे पाणी वीस मीटर, तर कुठे तीस. प्रवाहाने पायाभोवतीची वाळू खरवडली की नळी जणू लांब होते आणि तिच्या डुलण्याची लयच बदलते. म्हणून पायाशी दगडांची भराई करतात आणि ती जाग्यावर आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहतात.

दाखवणाऱ्याचा हात

हिशेब झाला तरी शेवटी डोळ्यांनी पाहावे लागतेच. पाण्याखालच्या जोडांची पाहणी दूरवरून चालवलेले कॅमेरे करतात, पात्यांभोवती ड्रोन घिरट्या घालतात. दातांच्या चाकांच्या बंद पेटीत तर लहान छिद्रातून बारीक दुर्बीण आत सोडतात, डॉक्टर पोटात सोडतात तशीच. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. ही आपल्या देशातली पहिली. आता ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा शब्द घरोघरी गेला आहे. त्या शस्त्रक्रियेत सर्जनचे दोन्ही हात अवजारांत गुंतलेले असतात आणि कॅमेरा बहुधा सहायकाच्या हाती असतो. सहायकाने जे दाखवले, तेवढेच सर्जनला दिसते. त्याचा हात थरथरला, कॅमेरा तिरपा झाला, नजर भलतीकडे वळली, तर उत्तम सर्जनही आंधळा. तासाभराने सहायकाचाही हात भरून येतो. म्हणून कॅमेरा स्थिर धरणारे यांत्रिक हात गेल्या शतकाच्या अखेरीस शस्त्रक्रियेत आले.

पवनचक्कीच्या तपासणीत तेच आहे. कॅमेरा कितीही तीक्ष्ण असला, तरी तो कुठे वळवायचा हे माणूस ठरवतो. ‘अलेक्झांडर कीलँड’च्या त्या जोडाकडे कोणी पाहिलेच नाही; कारण तो बिनमहत्त्वाचा ठरला होता!

आपल्या किनाऱ्यावर

हे सारे युरोपचे झाले. आपला संबंध काय? साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. त्या जमिनीवरच्या, लाटांचा मार त्यांना नाही. पण पात्यांचा आणि मनोऱ्याचा शीण आहेच, आणि त्या पठारांवरची जुनी यंत्रे आता पंचविशीच्या आसपास आली आहेत. अशा यंत्रांना निवृत्त करावे की मुदतवाढ द्यावी, यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली धोरण जाहीर केले. पुढच्याच वर्षी, २०२४ साली, गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांपासून दूर समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटचे मळे उभारण्यासाठी ७,४५३ कोटी रुपयांच्या साहाय्याला मंजुरी मिळाली. आपल्या पश्चिम किनाऱ्याला चक्रीवादळ क्वचित गाठते. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा मात्र दरसाल चार महिने न चुकता येतो. पासबुकातून रक्कम निघणार ती बहुतांशी त्या चार महिन्यांत.

सरकारी नोकर ठरलेल्या वयाला निवृत्त होतो. त्याची प्रकृती ठणठणीत असो वा नसो. यंत्राचे तसे करून चालत नाही. पंचवीस वर्षांनी एखाद्याच्या खात्यात पुंजी शिल्लक असेल. ते मोडीत काढणे ही उधळपट्टी. दुसऱ्याचे खाते वीस वर्षांतच रिते झालेले असेल. ते चालवीत राहणे हा जिवाशी खेळ. कारण त्या मनोऱ्यांवर दुरुस्तीला माणसे चढतात. समुद्रात होडीतून उतरून, शिडीने वर जाणारी, घरी कोणीतरी वाट पाहत असलेली माणसे. यंत्राला किती दिवस उरले आहेत, हे त्यांना यंत्र सांगत नाही; ज्याने वही नीट ठेवली आणि बिनमहत्त्वाच्या जोडाकडेही वाकून पाहिले, तो सांगू शकतो.

आपण विजेचे बटण दाबतो आणि दिवा लागतो. दूर कुठेतरी त्यासाठी एक पाते वाकते आणि पुन्हा सरळ होते. ते वाकणे कोणीतरी मोजीत असावे, एवढीच त्या दिव्याची किंमत आहे. आणि ती चुकवून चालणार नाही.